मागचा रस्ता दाखव

"तिकीट बघू," सासऱ्यांनी हात पुढे केला.

जावयाने नुकतीच घरात बातमी फोडली होती. तो परदेशात सायकल चालवायला निघाला होता. एका संस्थेबरोबर, नदीच्या काठाकाठाने चारशे किलोमीटर, आणि त्यावर ओळखीपाळखीचे लोक जी देणगी देतील ती हॉस्पिटलमधल्या बाळांच्या वॉर्डला. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या तिथे दोनच होत्या, आणि बाळं काही पेटी रिकामी आहे का हे विचारून जन्माला येत नाहीत. जावयाची बायको त्याच वॉर्डात नर्स होती. तिसऱ्या पेटीसाठी हा सगळा खटाटोप. बायको कौतुकाने नवऱ्याकडे बघत होती, सासूबाईंनी डोळे टिपले होते, आणि सासऱ्यांना तिकीट हवं होतं.

सासरे बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती फक्त नोकरीतून. अख्खी हयात झोपेचं सोंग घेणाऱ्या प्रवाशांना जागं करण्यात गेलेली. त्यामुळे एखादा माणूस डोळे मिटून बसला तर तो झोपलेला असू शकतो, हे त्यांच्या मनात कधी येतच नसे. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, हे पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. साऱ्या इमारतीत त्यांना 'तपासनीस' हेच नाव होतं, आणि त्यांची पाठ वळली की घरातही तेच चालायचं.

जावयाने फोनवरचं तिकीट दाखवलं. तपासनिसांनी ते चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, मग सवयीने फोन उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"हे देणगीतल्या पैशाचं?"

"नाही हो बाबा! जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा."

"मग सायकल इथे चालत नाही का? इथल्या रस्त्यांनी काय घोडं मारलंय?"

"इथे चालवली तर कोण पैसे देणार? लोक म्हणतील, भाजी आणायला चाललाय."

उत्तर तपासनिसांना पटलं, आणि म्हणूनच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पटणारी उत्तरं लोक घरून तयार करून आणतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यातून जावयाचं पोट जावयाच्या आधी खोलीत शिरायचं. हा माणूस चारशे किलोमीटर सायकल मारणार? सरळ आहे, सायकल फोटोपुरती आणि बाकी मौज.

सगळ्यात मोठी देणगी वरच्या मजल्यावरचे फर्निचरवाले देणार होते. पेटीची निम्मी किंमत ते एकटेच उचलत होते. तपासनीस त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले.

"शेठ, पैसे जरूर द्या. पण अट घाला. पूर्ण चारशे झाले तर चेक. एक किलोमीटर कमी पडला तरी नाही."

"अहो, तुमचा सख्खा जावई ना?"

"म्हणूनच सांगतोय. डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं नसतं."

फर्निचरवाले व्यवहारी गृहस्थ. त्यांनी अट घातली.

जावई गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोटो आला. डोक्यावर हेल्मेट, मागे नदी, तोंडभर हसू. सासूबाईंनी तो चार जणींना दाखवून आणला. मग तपासनिसांनी भिंग आणलं.

"घामाचा थेंब नाही. आणि ही बघ, सायकल स्टँडवर उभी आहे."

"अहो, फोटो काढायला माणूस थांबणारच ना!"

"थांबणारच. मी कुठे म्हणतो हलला?"

आईला काळजी नको म्हणून मुलीने तिच्या फोनवर एक नकाशा लावून दिला होता. त्यात जावई कुठे आहे ते एका निळ्या ठिपक्याने दिसायचं. सासूबाईंनी तो एकदा बघितला, 'आहे बाई' म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तपासनीस मात्र त्या ठिपक्यासमोर ठाण मांडून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते ताडकन उठले. ठिपका सुसाट पळत होता. बसचा वेग डोळे मिटून सांगणारा हा माणूस. एवढ्या वेगाने सायकल पळत नाही, हे सांगायला भिंगाची गरज नव्हती.

ते तडक वर गेले. "शेठ, तुमचे पैसे गाडीत बसून फिरताहेत!"

फर्निचरवाल्यांनी वॉर्डात फोन लावला. मुलगी तेव्हा तळहाताएवढ्या एका बाळाला नळीने दूध पाजत होती. संध्याकाळी ती घरी आली ती रडवेली होऊनच. "बाबा, त्यांचा फोन सामानाच्या गाडीत होता! सायकलीवर बसताना सगळ्यांच्या पिशव्या गाडीत टाकतात. एवढं विचारायचं तरी!"

"कारण चांगलं आहे," तपासनीस म्हणाले. "'पास घरी राहिला' हेसुद्धा चांगलंच कारण होतं."

पुढच्या दिवशी जावयाने फोन खिशात ठेवला. ठिपका धापा टाकत चालल्यासारखा सरकू लागला. तपासनिसांना वाटलं, फोन दुसऱ्या कुणाच्या खिशात दिला असणार. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की चालत्या सायकलवरून व्हिडिओ कॉल करायचा, म्हणजे एकदाचा काय तो निकाल लागेल. मुलगी नको नको म्हणत होती. पण जावई बिचारा साधा माणूस. सासऱ्यांचं एकदा समाधान होऊ दे म्हणून त्याने कॉल लावला. घरात तिघं फोनभोवती गोळा झाले.

"हँडल दाखव," तपासनीस म्हणाले.

हँडल दिसलं. त्यावर जावयाचा एकच हात होता.

"आता पाय."

पाय दिसले. फिरत होते.

"आता मागचा रस्ता दाखव. मागे गाडीबिडी आहे का बघू."

"बाबा, पुरे!" मुलगी ओरडली. पण तोवर तिकडे फोन मागे वळला होता. क्षणभर रस्ता दिसला. रिकामा, सरळ, निर्दोष रस्ता. मग आभाळ दिसलं, मग गवत, मग पुन्हा आभाळ, आणि लांबून आवाज आला, "आई गं!"



"आवाज तसा खराच वाटतोय," तपासनीस हळूच म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

जावयाचं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सायकल बंद केली. शेवटच्या दिवसाचे चाळीस किलोमीटर राहिले ते राहिलेच. जावई रस्त्यावर पडला आणि सासरे तोंडघशी. कारण अट कुणाची? अट तपासनिसांची. आता चेक नाही, चेक नाही तर पेटी नाही. त्या रात्री मुलगी जेवलीसुद्धा नाही. तपासनिसांना जेवण गेलं, पण त्यात मीठ होतं की नाही हे त्यांना सांगता आलं नसतं. आपण उभ्या जन्मात फुकट्या प्रवाशांचं जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं त्या चिमुरड्या जिवांचं करून बसलो, हे त्यांना आतून टोचत होतं.

सकाळी ते पुन्हा वर गेले, या वेळी मान खाली घालून.

"शेठ, अट जरा सैल करता येईल का?"

फर्निचरवाल्यांनी विचार केला. "चारशे पूर्ण झालेच पाहिजेत. पण उरलेले चाळीस घरातल्या कुणीही मारले तरी मला चालेल. इथेच मारा. मी समोर खुर्ची टाकून बसतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं नसतं, तुम्हीच म्हणाला होता."

घरातलं कुणी म्हणजे कोण? मुलीची ड्यूटी होती. सासूबाईंचे गुडघे त्यांना स्वयंपाकघरापर्यंत नेऊन आणायचे तेच उपकार. दोघींनी तपासनिसांकडे पाहिलं.

बेडरूममध्ये व्यायामाची सायकल होती. मागे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलेली. तपासनिसांनी ती दोनदा चालवली, तिचं मीटर अंतर फुगवून सांगतं असा निष्कर्ष काढला आणि सोडून दिली. तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळायचे. ते टॉवेल आता बाजूला झाले. फर्निचरवाले समोर खुर्चीत बसले. कपाटाला टेकवलेल्या फोनवर परदेशातून जावई हजर झाला, गळ्यात प्लास्टरचा हात बांधून.

"बाबा, कॅमेरा जरा खाली. पाय दिसत नाहीत."

"फिरताहेत पाय!"

"तुम्ही म्हणताय म्हणून ठीक आहे. आता मागचा रस्ता दाखवा."

"मागे भिंत आहे!"

"तीच दाखवा."

सासूबाई तोंड दाबून स्वयंपाकघरात गेल्या.

दहा किलोमीटरला तपासनिसांच्या पोटऱ्या बोलायला लागल्या. वीसला त्यांनी मीटरकडे पाहिलं आणि त्यांना मनापासून वाटलं की हे अंतर फुगवून सांगत नाही, दाबून सांगतं. अधूनमधून ते उतरायचे, पाणी प्यायचे, फुंकर न मारता, आणि पुन्हा चढायचे. हा गोल पोटाचा पोरगा रोज याच्या दुप्पट मारत होता आणि वर हसून फोटो पाठवत होता! त्यांना स्वतःची लाज वाटली. ती लाज लपवायला त्यांनी वेग वाढवला. दुपार कलली, खोलीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं, आणि मीटरवर चाळीसचा आकडा लागला.

"झालं!" तपासनीस आरोळी ठोकून खाली उतरले.

फर्निचरवाले खुर्चीत दचकले. त्यांचे डोळे मिटलेले होते. फोनवर जावई तोंड उघडं ठेवून गोठला होता. नेट कधी गेलं कुणास ठाऊक. सासूबाई चहाचं आधण सोडून धावत आल्या. पण त्या पोचेपर्यंत मीटरने एकदा डोळा मिचकावला आणि मान टाकली. सेल जुना होता.

"चाळीस झाले! आत्ता दिसत होते! शपथ!" तपासनीस कोऱ्या मीटरवर बोट ठेवून सांगू लागले. सांगता सांगता त्यांचाच आवाज त्यांच्या कानाला ओळखीचा वाटला. 'साहेब, तिकीट होतं हो, आत्ता हातात होतं' म्हणणाऱ्या शेकडो माणसांचा आवाज.

"झाले असतील की," फर्निचरवाले डोळे चोळत म्हणाले. त्यांनी खिशातून चेक काढला. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालेच."

"मी म्हणतोय म्हणजे? तुम्ही तर झोपला होता!"

"अहो, तुमचा शर्ट पिळला तर बादली भरेल. अजून काय बघायचं?"

तेवढ्यात जावई फोनवर वितळला आणि हलू लागला. त्याला सगळं सांगण्यात आलं. तो हसला नाही. "बाबा, माझा विश्वास आहे तुमच्यावर," म्हणाला.

ते शब्द आजवर तपासनिसांनी कुणाला उधारीवरही दिले नव्हते.

"आणि तू," ते म्हणाले, "त्या दिवशी गाडीत नव्हतास. मला पटलंय."

"आत्ता पटलं?"

"तसं कालच पटलं होतं. रस्ता रिकामा दिसला ना."

सासूबाईंनी तो चेक घेऊन सरळ मुलीसाठी कपाटात ठेवला. विषय संपला होता. पण तपासनिसांना चैन पडेना. न तपासता पास झालेला प्रवास त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, मीटरमध्ये घातला आणि कण्हत कुंथत पुन्हा सीटवर चढले.

"अहो, हे काय आता?"

"निदान शेवटचे पाच. सगळ्यांसमोर. शेठ, नीट बघा हं."

"बघतो की," म्हणून फर्निचरवाले चहा घेऊन खुर्चीत रेलले. कप रिकामा झाला आणि थोड्याच वेळात त्यांची मान छातीवर आली. तपासनिसांनी सायकल थांबवली. वाकून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. उठवायला हात पुढे केला, मग मागे घेतला. माणूस खरोखरच झोपला होता.

त्याची झोप मोडू नये अशा बेताने तपासनीस हळूहळू पायडल मारू लागले.