टाकी क्रमांक सातमधले तेल

आमची बँक व्याज घेत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, म्हणजे पुढे जे काही घेतले जाईल त्याबद्दल गैरसमज होणार नाही.

तुम्हाला चाळीस हजार रिंगिट हवे असतील तर बँक तुम्हाला पैसे उसने देऊन वर पैसे मागत नाही, कारण ते पाप आहे. बँक तुम्हाला पामतेल विकते. बाजारातून दहा टन तेल चाळीस हजारांना घेते आणि तुम्हाला बावन्न हजारांना देते. ते तुम्ही पाच वर्षांत हप्त्यांनी फेडायचे. मग तुमच्याच वतीने तेच तेल बँक तिसऱ्या कुणाला तरी चाळीस हजारांना विकते आणि ती रोकड तुमच्या खात्यात जमा होते. मधल्या बारा हजारांना नफा म्हणतात. हा सगळा व्यापार संगणकावर, समोरचा चहा निवायच्या आत उरकतो. तेल जिथे असते तिथेच असते.

मी मलेशियातल्या क्वाला तरेंगानूच्या शाखेत शरिया अनुपालन अधिकारी आहे. खरेदी आधी आणि विक्री नंतर झाली, याची खात्री करणे हे माझे काम. क्रम उलटा झाला तर नफ्याचे व्याज होते आणि सगळी शाखा पापात पडते. माझ्या कारकिर्दीत शाखा एकदाही पडलेली नाही.

अर्जाच्या शेवटी दोन चौकटी असतात. एक ‘माझे तेल विकून टाका’ आणि दुसरी ‘माझे तेल माझ्या ताब्यात द्या’. विकत घेतलेली वस्तू ताब्यात मागता येत नसेल तर ती विक्री कसली, असे आमच्या शरिया विद्वान मंडळाचे म्हणणे असल्यामुळे दुसरी चौकट छापावीच लागते. पहिलीवर खूण आम्ही आधीच करून ठेवतो. ग्राहकाचा वेळ वाचतो.

हे सारे सुरळीत चालले असताना मुख्यालयाने ‘ग्राहक हक्क सप्ताह’ जाहीर केला. आमचे व्यवस्थापक तुआन रिदुआन यांना बढतीची घाई होती. त्यांनी त्या आठवड्यापुरत्या दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि भिंतीवर फलक लावला: ‘आपला हक्क ओळखा’. नेमक्या त्याच आठवड्यात माकचिक कल्सोम आल्या.

माकचिक म्हणजे मावशी. कल्सोम माकचिक माशाच्या पिठाचे केरोपोक तळून विकतात, आणि त्यांच्या हातचे केरोपोक एकदा खाल्लेला माणूस दुसरीकडे जात नाही. नदीकाठची त्यांची टपरी रस्तारुंदीत गेली होती. रमजानच्या बाजारात नगरपालिकेने त्यांना जागा दिली होती, पण यंदा नवा नियम निघाला होता: जागा फक्त पोलादी खाद्यगाडी असणाऱ्यालाच. चंद्रदर्शनाच्या दिवसापर्यंत गाडी उभी राहिली नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस होता शुक्री, बबल टी विकणारा. माकचिकचे वर्षाचे पोट त्या एका महिन्यावर चालते, त्यामुळे गाडीसाठी चाळीस हजार मागायला त्या आमच्याकडे आल्या होत्या.

मी त्यांना नेहमीप्रमाणे व्यवहार समजावून सांगितला. लोक नेहमीप्रमाणे मान हलवतात. माकचिकनी हलवली नाही.

“म्हणजे तेल माझं?”

“शरियतप्रमाणे पूर्णपणे तुमचंच, माकचिक.”

“मग त्यातले साठ डबे मला दे की पोरा. रमजानभर तळायला पुरतील. उरलेलं वीक आणि त्याचे पैसे दे गाडीला.”

मागणीत गैर काहीच नव्हते, ही तिच्यातली मोठी अडचण होती. संगणकाला साठ डबे कळत नाहीत. त्याला सगळे किंवा काहीच नाही एवढेच कळते. मी हे सांगेपर्यंत माकचिकनी भिंतीवरचा फलक वाचला, दुसऱ्या चौकटीवर ठसठशीत खूण केली आणि सही ठोकली. तुआन रिदुआन यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून मुख्यालयाला पाठवला.

दुपारपर्यंत माकचिक दहा टन पामतेलाच्या मालकीण झाल्या होत्या. बावन्न हजारांच्या देणेकरीही झाल्या होत्या. रोकड मात्र नव्हती, कारण तेल विकलेच गेले नव्हते.

मी मुख्यालयाला विचारले, की व्यवहार रद्द करावा काय. मुख्यालयाने उस्ताज मुख्तारुद्दीन यांना विचारले. ते आमच्या विद्वान मंडळाचे अध्यक्ष, आणि आणखी काही बँकांच्या मंडळांचेही, कारण विद्वान थोडे आणि बँका फार. उस्ताजांनी दूरध्वनीवर मला शांतपणे समजावले. ग्राहकाने माल मागितला आणि आपण विक्रीच रद्द केली, तर ती विक्री खरी नव्हती असा अर्थ निघेल. ती खरी नव्हती, तर तशाच झालेल्या आजवरच्या लाखो विक्रींचे काय? तेव्हा माल द्या, ते म्हणाले, आणि उत्साहाने द्या.

म्हणून दुसऱ्या सकाळी मी, माकचिक आणि बँकेची गाडी असे तीन तासांवरच्या बंदराकडे निघालो. माकचिकनी बरोबर चार रिकामे डबे घेतले होते, नमुन्यादाखल. वाटेत त्या आपल्या होणाऱ्या खाद्यगाडीच्या रंगाबद्दल बोलत होत्या. निळा रंग लांबून दिसतो, असे त्यांचे मत होते.

टाकी क्रमांक सात बंदराच्या टोकाला आहे. तिथल्या रखवालदाराचे नाव मुनियांदी. त्याने आमची कागदपत्रे पाहिली आणि खुर्ची झटकून दिली. या टाकीचे कागद रोज येतात, तो म्हणाला, पण माणसे पहिल्यांदाच आली.

“तेल बघायचंय,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“या बाईंचं. कालच्या खरेदीचं.”

“कालचं तेल रात्री जहाजात चढलं, साहेब. आत आहे ते आजचं.”

मी लगेच उस्ताजांना फोन लावला. तितकेच, त्याच प्रतीचे तेल आत असेल तर मालकी अबाधित आहे, असे त्यांनी सांगितले. मी तसे मुनियांदीला सांगितले आणि त्यालाही बरे वाटले. त्याने खालची तोटी सोडून एक डबा भरून दिला. तेल गडद नारिंगी, दाट होते. माकचिकनी त्यात बोट बुडवून वास घेतला.

“अरे, हे तर कच्चं आहे. यात तळलं तर लोक केरोपोक रंग समजून दाराला फासतील.”

“शुद्ध करून घ्यावं लागतं,” मुनियांदी म्हणाला. “कारखान्यात. पण पंचवीस टनांखाली ते हातच लावत नाहीत.”

परतताना माकचिक डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, सांडू नये म्हणून. मला वाईट वाटले. अहवालात तसा रकाना नसल्यामुळे ते मी तिथे लिहिले नाही, पण वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल विकून टाकायला सांगितले. दहा टन कच्चे तेल घेणारा एकच खरेदीदार त्या शहरात होता, तो म्हणजे आमची बँक. पण आपणच विकलेला माल आपण परत घेतला तर तो शुद्ध देखावा ठरतो, आणि देखाव्याला आमच्याकडे सक्त मनाई आहे. मध्ये तिसरा हवा. दलालामार्फत तेल फिरवायचे ठरले, म्हणजे ते बँकेकडे येईल आणि बँक ते पुढच्या गरजू ग्राहकाला विकेल. त्या दिवशी शाखेत दुसरा एकच अर्ज होता. तो शुक्रीचा होता. त्याला बाजारात जागा मिळालीच तर हाताशी असावी म्हणून खाद्यगाडी घ्यायची होती.

शुक्रीने माकचिकचे तेल बावन्न हजारांना विकत घेतले. हक्क सप्ताह संपल्यामुळे पहिल्या चौकटीवर खूण तयारच होती. चहा निवायच्या आत त्याच्या खात्यात चाळीस हजार आले.

माकचिकचे पैसे आले नाहीत. त्यांचे प्रकरण ‘प्रत्यक्ष ताबा’ या सदरात गेले होते आणि त्या सदरात साठवणूक, हाताळणी व गळती यांचे हिशेब झाल्याखेरीज रक्कम सुटत नाही. गळतीत तो डबा धरला होता. चंद्र दिसला त्या संध्याकाळी शुक्रीची गाडी बाजारात उभी राहिली. तिचा रंग निळा होता. माकचिकचे पैसे पुढच्या आठवड्यात आले, शुल्क कापून.

मुख्यालयाने मात्र या प्रकरणाची योग्य दखल घेतली. माल खरोखर ताब्यात घेणारी पहिली ग्राहक म्हणून माकचिकचा डब्यासह फोटो सगळ्या शाखांमध्ये लागला. तुआन रिदुआन यांना बढती मिळाली.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मी इफ्तारचे सामान घ्यायला बाजारात गेलो, तर शुक्रीच्या गाडीपाशी रांग होती आणि ती चहासाठी नव्हती. आत माकचिक केरोपोक तळत होत्या. शुक्रीने त्यांना गाडीत अर्धा ओटा दिला होता.

“भाडं किती घेतोस?” मी विचारलं.

“भाडं कसलं? गाडी माझी, हात माकचिकचे. नफा निम्मा निम्मा. तोटा झाला तर तोही निम्मा.”

मी तिथेच थबकलो. दोघांनी मिळून धंदा करावा, नफा-तोटा वाटून घ्यावा, हीच खरी पद्धत, असे आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. आमची बँक हा प्रकार सर्वोत्तम मानते आणि म्हणूनच करत नाही. त्यात जोखीम फार असते.

माकचिकनी मला गरम केरोपोक पुडीत बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. “तू त्या दिवशी एवढा लांब आलास पोरा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपे गेले असते.

घरी जाऊन मी लॅपटॉपवर शुक्रीची फाइल पाहिली. गाडी बँकेकडे तारण होती. तारण मालमत्तेत लेखी परवानगीशिवाय भागीदार घेता येणार नाही, असे कलम त्यात होते. मी अनुपालन अधिकारी आहे. सोमवारी नोटीस गेली.

शुक्री ती हातात घेऊन शाखेत आला. मी त्याला त्याची सही दाखवली. सहीच्या वर छापले होते, की मी सर्व अटी वाचल्या असून मला समजल्या आहेत.

“कोण वाचतं हे?” तो म्हणाला. “तुम्ही स्वतः वाचता का?”

गेल्या वर्षी मी घर घेतले, तेव्हा साधारण शंभर टन तेल विकत घेऊन त्याच दुपारी विकले आहे. टाकीचा क्रमांकही मला आठवत नाही. ईदच्या आधी माकचिक त्या गाडीतून उतरल्या आणि आता रस्त्याच्या कडेला, छत्रीखाली तळतात. केरोपोक तसेच उत्तम आहेत.

तुम्ही आमच्याकडचे नाही, तुमच्याकडे व्याज चालते, त्यामुळे हे वाचताना तुम्हाला थोडे हसू आले असेल. हरकत नाही. फक्त तुमच्या फोनने गेल्या खेपेस ‘मी वाचले आहे आणि मला मान्य आहे’ असे पुढे केले, तेव्हा तुम्ही काय दाबलेत ते आठवून पाहा. त्या क्षणी तुम्हीही काहीतरी घेतलेत आणि काहीतरी विकलेत. ते कुठल्यातरी टाकीत आहे. तिथला रखवालदारही सांगेल, की कागद रोज येतात, माणूस अजून कुणी आलेला नाही.