'कूल' कुठून आला?

'माहीत नाही' हे दोन शब्द बन्सीलालच्या तोंडून कधी निघाले नाहीत, आणि त्यानेच त्याचा घात केला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तो टी-शर्टचं छापील कापड तपासायचा. त्यावरचे इंग्रजी बोलीतले शब्द रोज नजरेखालून जात. तो राहायचा त्या नवागामच्या गल्लीने तेवढ्यावर त्याला पंडित करून टाकलं. वासरांत लंगडी गाय शहाणी!

त्याच्या कॉलेजातल्या लेकीला, वर्षाला, असल्या दहा शब्दांचे अर्थ आणि उगम लिहून न्यायचे होते. मॅडमनी बजावलं होतं, मोबाईलमधून उतरवायचं नाही, कुणाला तरी विचारा.

"पप्पा, 'कूल' कुठून आला?"

"विलायतेच्या कापड-रंगाईतून. उकळत्या कुंडीपाशी उभा राहूनही जो कारागीर तापायचा नाही, त्याला शेठ 'कूल' म्हणायचा."

"आणि 'ड्यूड'?"

"मँचेस्टरचा कापड दलाल होता. फार नटायचा बिचारा."

दहाही शब्द त्याने असे बसल्या बैठकीला निकालात काढले. पोरीने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले.

वर्गात मॅडमनी ते मोठ्याने वाचायला लावले आणि विचारलं, "कुणाला विचारलंस हे?" वर्षा ठासून म्हणाली, "पप्पांना. माझे पप्पा खोटं बोलत नाहीत." सगळा वर्ग खो खो हसला.

घरी येऊन तिने हे फक्त आईला सांगितलं. बन्सीलालला ऐकवलं ते तिनेच, सुभद्राबाईने, ताट वाढताना. "पोरले समदा वर्ग हासना. 'माले माहीत नही' इतलंच सांगतात तं काय बिघडतं?"

बन्सीलाल ताटावरून उठून लेकीपुढे गेला. पोर भांडली असती तरी बरं वाटलं असतं. त्याने सरळ कान धरले. "चुकलं माझं, बेटा. सगळं मनचं रचलेलं होतं."

नुसत्या माफीने मन निवेना. आठवडाभर तो पाळी सुटली की मिलमधल्या डिझायनर ललितपाशी बसला, एका शब्दाचा खरा उगम शोधून पाठ केला आणि रविवारी लेकीपुढे उभा राहिला.

"वर्षा, 'ओके' अमेरिकेतला. दोनशे वर्षं होत आली. तिथल्या पेपरवाल्यांनी 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सगळं बरोबर', हेच गंमत म्हणून मुद्दाम 'ओ' आणि 'के' लावून चुकीचं लिहिलं. त्या दोन शब्दांची ही पहिली अक्षरं."



"पप्पा, परत?"

"देवाशपथ खरं! मोबाईलवर बघ ना."

"नको," ती त्याच्या हातावर हात ठेवत हळूच म्हणाली, "तिथे नसलं तर तुमच्याच जिवाला लागेल."