बाप होण्यास हरकत नाही

आल्डन रुंडक्विस्टने आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी तो पत्रांच्या बाबतीत इतका काटेकोर की गवत कापायच्या यंत्राच्या जाहिरातीलासुद्धा ‘सध्या गरज नाही, आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे’ असं लिहून पाठवायचा. फर्गस फॉल्स या छोट्या अमेरिकन गावाच्या ग्रंथालयात त्याची सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. कोणी पुस्तक उशिरा परत आणलं, तर आणणाऱ्यापेक्षा तोच जास्त ओशाळायचा. पण कोलंबियातल्या मानिसालेस शहरातून आलेलं एक दोन पानी पत्र दीड वर्ष त्याच्या खणात पडून होतं. पहिलं दीड पान त्याची स्तुती होती. शेवटी विनंती होती: ‘आपण उत्तम पिता व्हाल, याविषयी आपण स्वहस्ताक्षरात किमान एका पानाचे निवेदन सादर करावे.’

हे पत्र त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. तो आणि त्याची बायको मार्लिस यांनी मानिसालेसमधली एक मुलगी दत्तक घ्यायचा अर्ज केला होता. अर्जात ‘स्वभाव’ या रकान्यात आल्डनने लिहिलं, ‘ठीक.’ ‘वैवाहिक जीवन’ या रकान्यात, ‘तक्रार नाही.’ ‘मुलांची आवड’ या रकान्यात बराच विचार करून, ‘आहे असं वाटतं.’ मार्लिस शाळेत परिचारिका होती. तिने सगळ्या रकान्यांत ‘सर्व सामान्य’ असं लिहिलं आणि ते वैद्यकीय मत समजून मंजूर झालं.

शेजारी म्हणून ऑरिन स्कारफोर्डने शिफारसपत्र दिलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: ‘अठ्ठावीस वर्षांत या माणसाचा त्रास झालेला नाही.’ फर्गस फॉल्समध्ये असं वाक्य माणूस गेल्यावर चर्चमध्ये म्हणतात आणि मागच्या बाकांवरचे लोक रुमाल काढतात. मानिसालेसच्या बालकल्याण समितीने मात्र त्याखाली लाल रेघ मारली. त्या शहरात पत्ता विचारणाऱ्यालाही ‘थोर डॉक्टर’ म्हणतात आणि घरमालकाने भाडेकरूविषयी ‘हा माणूस म्हणजे परमेश्वराने आमच्या गल्लीवर केलेली कृपा आहे’ एवढं लिहिलं, तर भाडेकरूत काहीतरी खोट असणार असं धरतात. समितीच्या मानसतज्ज्ञांनी अहवाल दिला: दांपत्यात खोल बेबनाव असून शेजारी दहशतीखाली आहेत.

म्हणून ते पत्र आलं होतं.

आल्डन दर रविवारी कागद घेऊन बसायचा. ‘मी उत्तम’ एवढं लिहून व्हायचं आणि त्याचे कान लाल व्हायचे. त्याने पुस्तकं खूप वाचली होती. त्यांतले बाप आठवले की पेन आपोआप खाली ठेवलं जायचं.

फ्रिजवर युलिएतचा फोटो होता. फोटोत ती तीन वर्षांची होती, एका हातात अरेपा नावाची मक्याची भाकरी घेऊन फोटो काढणाऱ्याकडे संशयाने बघणारी. रुंडक्विस्ट दांपत्याला मिळालेली परवानगी ‘पाच वर्षे पूर्ण न झालेल्या बालका’साठी होती. बारा मे रोजी युलिएतला पाच वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर सगळे दाखले पुन्हा काढायचे आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं. तोवर मुलगी दुसऱ्या कोणाची तरी होणार.

मार्च महिन्यात मार्लिसला खणात ते पत्र सापडलं.

“हे काय?”

“लिहायचं आहे.”

“अरे, दीड वर्ष झालं!”

“पहिलं वाक्य जमत नाहीये.”

“‘मी उत्तम बाप होईन.’ झालं! यात न जमण्यासारखं काय आहे?”

“तुला वाटतं, मी होईन?”

मार्लिसने पत्राची घडी घातली. तीही फर्गस फॉल्सचीच. “वाईट होणार नाहीस,” ती म्हणाली, आणि दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

मानिसालेसमधल्या त्यांच्या वकील डॉक्टर कोन्सुएलो आर्बेलाएस फोनवर म्हणाल्या, “घाबरू नका, डॉक्टर आल्डन! उत्तर न आल्याने पत्रावर ‘प्रलंबित’ असा शिक्का आहे. प्रलंबित म्हणजे नकार नव्हे. आमच्याकडे प्रलंबित लोकांनी लग्नं केलीत, नातवंडं पाहिलीत. तुम्ही या. निवेदन तोंडी करा.”

तोंडी म्हटल्यावर आल्डनला विमानातच ताप भरला.

युलिएतची भेट समितीच्याच कार्यालयात झाली. फुगे होते, केक होता आणि अकरा डॉक्टर होते. त्यातले दोन वकील, एक मानसतज्ज्ञ आणि एक दारवान. मुलीने मार्लिसला एकदा नीट पाहून घेतलं आणि मग आल्डनसमोर येऊन उभी राहिली.

“तू म्हातारा आहेस?”

“थोडासा.” दोन वर्षं रोज संध्याकाळी ग्रंथालयात बसून तो तिची भाषा शिकला होता.

“वेणी घालता येते?”

“फारशी नाही.”

“मग बस खाली. शिकवते.”

नियमाप्रमाणे तीन आठवडे मुलीला त्यांच्याजवळ भाड्याच्या घरात ठेवलं गेलं. रोज सकाळी आल्डन वेणी घालायचा आणि ती दहापर्यंत सुटायची. नवव्या दिवशी ती दुपारपर्यंत टिकली. मार्लिसने मागून पाहिलं आणि विचारलं, “कशी झालीय?”

“वाईट नाही,” आल्डन म्हणाला. आरशातून युलिएत त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती.

दरम्यान डॉक्टर कोन्सुएलोबाईंनी त्याची शिकवणी सुरू केली होती. “माझ्यामागून म्हणा: माझं हृदय पितृत्वाने ओसंडून वाहत आहे.”

“माझं हृदय... हे जरा जास्त होत नाही का?”

“डॉक्टर, हे तर कमीत कमी आहे! यात अजून अश्रू घातलेले नाहीत.”

शिवाय गावाकडून सुधारित शिफारसपत्र मागवावं असं ठरलं. आल्डनने ऑरिनला फोन केला.

“उत्तम?” ऑरिन म्हणाला. “तुला? असं तोंडावर?”

“तोंडावर नाही, कागदावर.”

“ते तर आणखी वाईट. कागद राहतो, बाबा.”

विषय एकट्याने ठरवण्याजोगा नव्हता, म्हणून चर्चच्या तळघरात सभा बोलावली गेली. ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश चार घरांतून आली, आणि तिला कोणीच छान म्हटलं नाही, सगळ्यांनी फक्त दोनदा घेतली. तीन तास चर्चा झाली. ‘उत्तम’ हा शब्द बाजारू असल्याबद्दल एकमत झालं. शेवटी ‘आल्डन रुंडक्विस्ट हा बऱ्यापैकी चांगला माणूस आहे’ असा ठराव एकतीस विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या चौघांत त्याची सख्खी बहीण होती. एवढी स्तुती ऐकून तो डोक्यावर बसेल, असं तिने लेखी नोंदवलं. ठराव विरोधी मतांसकट फॅक्सने गेला. गाव प्रामाणिक होतं.

नऊ मे रोजी सुनावणी झाली. अध्यक्ष डॉक्टर ओस्पिना दोन्ही हात पसरून म्हणाले, “थोर डॉक्टर आल्डन! सांगा या समितीला, आपण उत्तम पिता व्हाल ना?”

आल्डन उभा राहिला. हृदय, पितृत्व, ओसंडणं, सगळं पाठ होतं. पण काचेपलीकडच्या बाकावर युलिएत पाय हलवत बसली होती, आणि तिची वेणी डावीकडून सुटायला लागली होती.

“प्रयत्न करीन,” तो म्हणाला.

कोन्सुएलोबाईंनी डोळे मिटून घेतले.

“किती प्रयत्न?” अध्यक्षांचे हात अजून पसरलेलेच होते.

“जमेल तेवढा.”

अध्यक्षांनी हात खाली घेतले आणि फॅक्स उचलला. “यांच्या स्वतःच्या गावात चार माणसं यांच्या विरोधात आहेत!”

“चारच!” मार्लिस अभिमानाने म्हणाली. “चौकात दिवा बसवायच्या ठरावाला नऊ होती.”

हे ऐकून मानसतज्ज्ञांनी वहीचं नवं पान उघडलं. अर्ज फेटाळायचं जवळजवळ ठरलं. पण चार वर्षांवरच्या बालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही, असं एक कलम होतं. मुलीला आत बोलावून उंच खुर्चीवर बसवलं.

“सांग माझ्या राणी,” अध्यक्षांनी विचारलं, “हे बाबा कसे आहेत?”

युलिएतने आल्डनकडे बराच वेळ पाहिलं. “वाईट नाहीत.”

अध्यक्षांनी फॅक्स खाली ठेवला.

“आणि आई?”

“तक्रार नाही.”

“तिथे जेवण कसं मिळतं, सोन्या?”

“चालतं.”

मानसतज्ज्ञ उठून उभे राहिले. एप्रिलच्या नोंदीप्रमाणे याच मुलीने दारवानाच्या कुत्र्याला ‘सगळ्या जगातला, सगळ्या आकाशातला सुंदर कुत्रा’ म्हटलं होतं. आता तीन आठवड्यांत हे! समितीने आत जाऊन दोन दिवस विचार केला. अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे वाढदिवसाच्या सात तास आधी, निकाल आला: ‘बालिका सदर कुटुंबात पूर्णतः मुरलेली असून तिला आता परत घेणे व्यवहार्य नाही. सबब, अर्जदाराने बाप होण्यास हरकत नाही.’

आल्डनने निकाल तीनदा वाचला. मग तो खुर्चीवर बसला आणि युलिएतची वेणी सोडून पुन्हा घालायला लागला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

“डॉक्टर आल्डन,” निरोप घेताना अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “तेवढं पत्राचं उत्तर मात्र पाठवा. प्रलंबित पत्र असलं की फाइल बंद होत नाही. फाइल उघडी असली की मुलगी अठराची होईपर्यंत दरवर्षी तपासणी.”

फर्गस फॉल्सला ते पोचले तेव्हा ऑरिन फाटकाशी हॉटडिश घेऊन उभा होता.

“आलात?”

“आलो.”

“हीच ती?”

“हीच.”

“बरी आहे की,” ऑरिन म्हणाला, भांडं मार्लिसच्या हातात दिलं आणि पाठ फिरवून चष्मा पुसत राहिला. गावात एवढ्या थाटाचं स्वागत आजवर कोणाचं झालं नव्हतं.

त्या रविवारी आल्डन पुन्हा कागद घेऊन बसला. अजूनही जमेना, म्हणून तो कुंपणापाशी गेला.

“ऑरिन, तुला चार मुलं. या प्रश्नाचं उत्तर तू काय लिहिलं असतंस?”

ऑरिनने पत्र वाचलं. “मला कोण विचारणार? इस्पितळात त्यांनी गाडीतली बाळाची खुर्ची नीट बसलीय का तेवढं पाहिलं, आणि जा म्हणाले. चारही वेळा.”

“पण विचारलं असतं तर?”

ऑरिनला एकदम आठवलं की त्याच्या घरात काहीतरी चुलीवर आहे.

मग आल्डनने ग्रंथालयात येणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. तो भिडस्त होता, तरी आठवड्यात बेचाळीस आईबापांना विचारून झालं. प्रत्येकजण आधी हसला, मग पत्र पुन्हा वाचलं, मग घड्याळाकडे पाहिलं. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले की उद्या सांगतो. त्यानंतर ते ग्रंथालयात आलेलेच नाहीत आणि तीन पुस्तकं त्यांच्याकडे अडकली आहेत.

शुक्रवारी सकाळी आल्डनने उत्तर लिहिलं. कान लाल झाले नाहीत.

‘आदरणीय डॉक्टर ओस्पिना, उशिराबद्दल क्षमस्व. मी उत्तम पिता होईन की नाही हे मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांच्याकडे चौकशी केली. ज्यांना मुलं अर्जाशिवाय मिळाली आहेत, त्यांच्यापैकी कोणीही एक पान भरू शकलं नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रलंबित प्रकरणं असताना फक्त माझी फाइल उघडी ठेवणं बरोबर दिसणार नाही. म्हणून आपल्या पत्राच्या प्रती काढून अशा सर्व आईबापांना, ओळखीच्या आणि अनोळखीही, पाठवत आहे. आपल्यालाही दोन मुलगे आहेत असं समजलं, तेव्हा एक प्रत सोबत जोडली आहे. वेणी आता संध्याकाळपर्यंत टिकते. आपला, आल्डन रुंडक्विस्ट.’

पाकिटं एका पोत्यात मावेनात, दोन झाली. टपालपेटीशी युलिएतला उचलून धरावं लागलं, कारण प्रत्येक पाकीट तिलाच आत टाकायचं होतं. पहिलं मानिसालेसचं गेलं. मग ऑरिनचं, मुख्याध्यापकांचं, मग दूरदूरच्या, अनोळखी घरांची.

तुमचं त्यातच आहे. किमान एक पान, स्वहस्ताक्षरात.