हेलेनाबाईंना श्रद्धांजली

अल्पेश पोलंडमधल्या एका खेड्यात मश्रूमच्या शेडवर कामाला लागला. घरच्यांना काळजी नको म्हणून त्याने वडिलांना तिथल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. तेव्हापासून इकडे चांदीप गावात वडील, श्रीपत, सकाळी ओटीवर बसून त्या गावचा कारभार वाचत. फोन सगळं मराठीत करून देई. गुरुवारी काचेचा कचरा नेणार, चर्चकडचा रस्ता डांबरासाठी बंद, करकोच्याने यंदाही विजेच्या खांबावरच घरटं बांधलं.

एका सकाळी फोटो आला. एक म्हातारी, भोवती फुलं, पुढे मेणबत्ती. श्रीपतनी चष्मा न शोधताच लिहिलं, 'आजींच्या आत्म्यास शांती लाभो.'

दुपारी अल्पेशचा फोन आला. "बाबा, काय लिहिलंत? हेलेनाआजीचा वाढदिवस आहे."

"मेनबत्ती होती."

"केकवर होती. मी त्यांच्याच घरात भाड्याने राहतो. लोकांना वाटलं, तुम्हाला खबर पक्की असणार."

श्रीपतचा निरोप वाचून तिकडे बेकरीवाल्याने दुकान बंद केलं. गावच्या आग विझवणाऱ्या पथकातल्या पोरांनी बसायला बाकं आणली. चर्चची घंटा वाजली, तेव्हा हेलेनाबाई खुराड्यात अंडी गोळा करत होत्या. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं, पण सांगायला कुणाची जीभ रेटेना. तेवढ्यात बांधावरून भांडून अबोला धरलेला त्यांचा भाऊ पुष्पचक्र घेऊन रडत फाटकात आला. त्यांनी त्याला आधी शिव्या घातल्या, मग सूप वाढलं.

"त्यांचा मुलगा माझा मालक आहे," अल्पेश म्हणाला. "संध्याकाळी मला बोलावलंय."

श्रीपतना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. हेलेनाबाई मधोमध, शेजारी भाऊ. त्या बराच वेळ गंभीरपणे बोलल्या. अल्पेश मराठीत सांगू लागला.

"त्यांचा धाकटा मुलगा जर्मनीत असतो. फोन केला की कामात असतो. तो या ग्रुपवर नाही. त्याचा नंबर देतायत. त्यालापण तसंच लिहा, म्हणतायत."

अल्पेशच्या आईने, जिजाने, श्रीपतच्या हातातून फोन घेतला.

"लिहू," ती म्हणाली. "पन अल्पेश, तू आधी सांग. तुला घरी बोलवायला कोनाचं लिहायचं? माझं का बाबांचं?"

आई काय म्हणाली म्हणून हेलेनाबाईंनी अल्पेशला कोपराने ढोसलं, तेव्हा खाली मान घालून त्याने आईचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याचा कान धरला.

"मे महिन्यात येतो," अल्पेश म्हणाला. आधी मराठीत, मग त्यांच्या भाषेत.