दादूरावांनी रेसरास जोडब्रेक लावून उतार सर केला, त्याची हकीकत

श्री देव भैरी प्रसन्न. शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षी नाम संवत्सर, वैशाख मास, आंबा पेट्यांतून मुंबईस रवाना होतो ऐसे समयी, कसबे रत्नागिरी येथे एका सायकलीच्या ब्रेकांवरून मोठी मसलत पडली आणि बहुत श्रमांती फत्ते जाहली. तिची हकीकत कोणी पदरचे घालून सांगतात, कोणी जळफळाटाने घटवून सांगतात, म्हणोन जैसी घडली तैसी लिहिली असे. वाचणाराने हसो नये. हसू आलेच तर नायकाचे वजन आणि उताराची खोली एकवार मनात आणावी, म्हणजे आपोआप आवरेल.

राजश्री दादूराव शिवलकर, सरकारी कचेरीत आवकजावकीच्या दफ्तरी मुख्य कारकून, उमर चव्वेचाळीस, बांधा भरदार, आणि पोट ऐसे की स्वारी दारात येण्यापूर्वी तेच वर्दी देई. त्यांचे मेहुणे राजश्री लवूराव, परमुलखीच्या जहाजावर दर्यावर्दी. त्यांनी गतसाली खोक्यात घालून निळ्या रंगाची रेसर सायकल भावजींस नजर केली. दहा गियरांची, चाके नखाएवढी बारीक, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. ब्रेक त्या शिंगांपाशी. ते हाती यावयाचे तर स्वाराने कमरेतून झुकावे लागे, आणि दादूराव झुकले की पोट व गुडघे यांची गाठ पडोन श्वास कोंडे. शिवाय मान खाली गेल्यावर रस्त्यात रामराम करणारास जबाब कोणी द्यावा? सबब स्वारी वरच्या सरळ दांडीवर हात ठेवोन ताठ बैसत असे. सड्यावरील, म्हणजे डोंगरमाथ्यावरील, सपाटीस हे शोभले. परंतु सड्यावरून बाजारात जाणारा उतार लागला की ब्रेक हातापासून साताऱ्याहून दिल्ली तैसे दूर पडत, आणि मग स्वारी पायउतार होऊन रेसरास हाताने धरोन खाली नेई.

इतकेच असते तरी निभावते. परंतु दादूरावांची लेखणी हातांपेक्षा धीट. त्यांनी लवूरावांस पत्री लिहिले की रोज सकाळी उतार वाऱ्यासारखा उतरतो, लोक दुतर्फा थांबून पाहतात. लोक थांबून पाहत होते हे खरे.

वैशाख शुद्ध पक्षी लवूरावांचा जबाब दाखल जाहला. मजकूर ऐसा की वद्य पंचमी, रविवारी, सकाळी आठाचे सुमारास मुंबईच्या गाडीने येतो, भावजींनी रेसरवरून उतार उतरोन स्टँडवर यावे, आपण उभे राहून पाहू, बोटीवर भावजींची पत्रे सर्वांस वाचून दाखविली आहेत. हे वाचून दादूरावांच्या हातचा चहा हातीच निवला.

सौभाग्यवती सावित्रीबाई, लवूरावांच्या थोरल्या भगिनी, सर्व जाणोन होत्या. त्यांनी ओटीवर येऊन फर्मान सोडले.

"अवो, माझ्या भावाने एवढी वस्तू दर्यापार करून पाठवलीन, नि तुम्ही तिला बकरीसारखी धरून नेताय. रविवारी एक तर तिच्यावर बसून उतरा, नाय तर लवूला तोंडावर सांगा की मी खोटं लिवलं. नि मग ती रेसर हरिश्चंद्रभाऊंना देऊन टाका. त्यांना तरी वाकता येतं."

हे शेजारी हरिश्चंद्रराव, अंगाने वेताच्या छडीसारखे, तरुणपणी मुंबईस सायकलींच्या शर्यतीत तिसरे आलेले, आणि तेव्हापासून तेच सांगत आलेले. रेसरावर त्यांची नजर खोके फुटले त्या दिवसापासून. ते कुंपणापलीकडून हे ऐकत होते आणि बहुत संतोष पावले.

दादूरावांस दोन्ही शर्ती मरणप्राय. खोटे कबूल करावे तर बोटीवरच्या साऱ्या खलाशांत इज्जत जाते, आणि न करावे तर उतार पुढे उभा. मग त्यांनी भागोजी मिस्त्रींच्या सायकल दुकानी खलबत मांडिले. प्रथम दादूरावांनी स्वबुद्धीने तजवीज काढिली की हँडल उलटे फिरवावे. तैसे केले तो शिंगे आभाळाकडे गेली, ब्रेक आभाळाकडे गेले, आणि रेसर ऐसा दिसो लागला की आता कोणास तरी ढुशी देतो. तजवीज रद्द जाहली. मग साध्या सायकलीचे सळईचे ब्रेक बसवावे ऐसे निघाले, तो भागोजींनी निवाडा दिला की त्या सळया या कवळ्या चाकांस धरणार नाहीत. अखेर म्हणाले, "मुंबयला जोडब्रेक भेटतो दादूभाऊ. असलेल्या ब्रेकाच्या मुळात स्क्रू करून बसवायचा. दांडा वरच्या सरळ नळीखालनं येतो. ताठ बसा नि वरनंच दाबा."

पाठोपाठ दुकानी आलेल्या हरिश्चंद्ररावांनी हरकत घेतली. "रेसरला वरचा ब्रेक? मग वर छत्री पण बांधा, नि पुढं टोपली. रेसर झुकणाऱ्याचा!"

"आमी कचेरीत वीस वर्सं झुकतोय," दादूराव म्हणाले. "सायकलीवर तरी ताठ बसू दे."

तेव्हा भागोजींनी एसटीच्या ड्रायव्हराकरवी मुंबईस निरोप धाडला, आणि गुरुवारी जोडब्रेक कागदात गुंडाळोन दाखल जाहले. चकचकीत, बोटाएवढे रुंद, विळ्याच्या पात्यासारखे अंमळ वाकलेले. शुक्रवारी बसविले. दादूरावांनी दाबून पाहिले तो दांड्याने नळीस कडकडोन मिठी मारिली आणि ब्रेक चाकास शिवेना. भागोजी म्हणाले की जोडब्रेकाची धाव आखूड असते, तार सैल राहिली तर त्याचा दम वाटेतच सरतो. मग त्यांनी तार ताणिली, रबरे रिमेच्या अगदी जवळ आणिली, आणि दांडा नळीपासून दोन बोटे दूर राहून चाक जागीच खिळले. दादूरावांनी त्याच दिवशी मिशीस पीळ दिला. तो अंमळ लवकर जाहला.

शनिवारी प्रातःकाळी दादूरावांनी रिवाजाप्रमाणे मारुतीस तेल वाहिले. आणि या किनाऱ्यास ऐसा शिरस्ता आहे की दर्याची खारी हवा लोखंड खाते, सबब ज्याच्या घरी लोखंड त्याच्या हाती तेल. कोयता, कडी, कुलूप, विहिरीचा रहाट, कशासही सोडीत नाहीत. उदईक मोहीम म्हणोन त्यांनी रेसर खोबरेलाने आपादमस्तक माखिला, आणि चाकांच्या रिमा तो दोन वेळा, कारण त्याच अधिक चकाकत होत्या.

सायंकाळी वाडीतल्या लहान घसरणीवर तालीम ठरली. स्वारी ताठ निघाली, अर्ध्यावर जोडब्रेक दाबिले, दांडे आले, रबरे चाकास लागली, आणि रेसर काही जाहलेच नाही ऐशा थाटात पुढे चालिला. पुढे शेजारच्या गोदाकाकूंच्या अंगणात चटईवर फणसपोळी वाळत होती. तिच्यावर उभी रेघ ओढोन स्वारी केळीत शिरली.

गोदाकाकू झाडू घेऊन बाहेर आल्या. "अरे दादू! एवढा हत्तीएवढा झालास, दिसत नाय तुला? वर्साची पोळी माजी!"

"काकू, ब्रेक लागला नाय वो!"

"लागला नाय तर पाय लाव मेल्या! देवाने दोन दिलेत!"

हरिश्चंद्रराव कुंपणापलीकडून ती रेघ किती सरळ आली ते न्याहाळीत होते. दादूराव केळीच्या बुंध्याशी बैसले आणि प्रथमच मनात म्हणाले की उद्या सांगून टाकावे, मी खोटे लिहिले. इतक्यात भागोजी आले, चाकाशी ओणवे झाले, बोट फिरविले आणि नाकाशी नेले.

"ह्या रिमेला त्याल कोनी लावलान?"

दादूरावांनी सर्व हकीकत निवेदन केली. भागोजींनी तेलाचे बोट केळीच्या पानास पुसले. मग म्हणाले, "दादूभाऊ, मारुतीला ब्रेक नसतो. म्हनून त्याला चालतं."

मग सावित्रीबाईंनी पदर खोचिला, चुलीतली राख व रिठ्याचे पाणी आणिले, आणि भांडी घासावी तैशा दोन्ही रिमा घासिल्या. रबरे भागोजींनी कानसेने खरवडिली. आणि जाताना कानमंत्र दिला की वरचा ब्रेक इशाऱ्याचा, खालचा हुकमाचा. उताराच्या माथ्यापासून वरचा हळूहळू दाबीत वेग चढूच देऊ नये. पण अडचण आडवी आली तर पोटाचा विचार न करता झुकावे आणि शिंगे धरावी.

रविवारी साडेसातास स्वारी उताराच्या माथ्यावर उभी राहिली. एकवार दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मग भैरीचे नाव घेऊन पाय सोडिला. जोडब्रेक दोन्ही हाती हलके धरिले, रबरे कुरकुरली, आणि रेसर शहाण्या बैलासारखा चालीत आला. एका ओळखीच्यास रामरामही घातला. ऐसे अर्धा उतार आल्यावर आंब्यांच्या पेट्यांची हातगाडी गल्लीतून आडवी आली. दादूरावांनी वरचे दांडे आवळिले. वेग घटला, परंतु गाडी जवळ. तेसमयी ते झुकले. पोट आडवे आले, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, परंतु बोटे शिंगांवर पोहोचली आणि रेसर पेट्यांपासून हातभर अंतरी ठाम उभा राहिला.

हरिश्चंद्रराव तमाशा पाहावयास आधीच खाली उतरोन थांबले होते. म्हणाले, "झुकलात ना शेवटी?"

"काम पडलं तेव्हा," दादूराव म्हणाले, आणि पुन्हा ताठ बैसोन चालते जाहले.

स्टँडवर लवूराव पिशव्यांच्या मध्ये उभे होते. त्यांनी येती स्वारी पाहिली, धावत आले, आणि नमस्कार सोडून प्रथम ते जोडब्रेक दाबून पाहिले. मग आजूबाजूस पाहून आवाज खाली केला.

"भावजी, ताईला सांगू नका. ही मी माझ्यासाठी घेतली होती. धक्क्यावर एकदा बसलो, ब्रेक हाताला लागंना, सरळ दोरखंडांच्या ढिगात गेलो. म्हणून तुम्हाला पाठवली. तुमची पत्रं वाचून मला लाज वाटायची हो. म्हटलं, भावजी या वयात उतरतात नि आपण?"

दादूरावांनी रेसर बाजूस उभा केला. मग त्यांनी खरे ते सांगितले, की रोज नव्हे, आजच. आणि तेही झुकून. दोघे पिशव्यांवर बैसोन इतके हसले की कंडक्टर चौकशीस आला.

परतीचा चढ गियरांनाही मानवेना, तेव्हा दोघांनी रेसर मध्ये धरोन, पिशव्या हँडलास लटकावोन, तो पायी सर केला, आणि दादूराव वाटभर मेहुण्यास वरचा ब्रेक कोठे व खालचा कोठे हे समजावीत होते. येणेप्रमाणे शके एकोणीसशे सहा, वैशाख वद्य पंचमी, रविवार, सड्यापासून स्टँडापर्यंतचा उतार राजश्री दादूराव शिवलकर यांचे अमलाखाली आला. मनुष्यहानी नाही. जखमी एक फणसपोळी, तिची भरपाई लवूरावांच्या पिशवीतील परदेशी साबणाच्या दोन वड्यांनी जाहली. रेसर घरातच राहिला. हरिश्चंद्ररावांनी आठवड्यातून एक दिवस मागितला, तो दिला. बोटीवरील मंडळीस काय लिहावे याचा मसुदा दोघे मिळोन करीत आहेत, आणि त्यात या खेपेस हातगाडीच्या दोन हातगाड्या जाहल्या आहेत.