आडवं पडून घर बघणारे पुंडलीकबाब

पुंडलीकबाब फ्लॅट बघायला गेले की आधी चपला काढायचे. मग बेडरूममध्ये रुमाल अंथरायचे, त्यावर डोकं टेकायचे आणि चक्क आडवे व्हायचे. दलाल नळ सोडून दाखवतोय, फरशीचं कौतुक सांगतोय, आणि गिऱ्हाईक जमिनीवर! दहा मिनिटांनी उठून शर्ट झटकायचे आणि म्हणायचे, "नको."

"अहो, पण का?"

"घर उभ्यान कळणा नाय!"

गोव्यातल्या आमच्या पेडण्यात तेव्हा नुकत्याच इमारती उठू लागल्या होत्या. मुंबई-दिल्लीची माणसं मोटारीतून येत आणि डोंगर दिसतो का, एवढंच विचारत. आम्ही दोघं म्हापशाच्या एका कचेरीत, पेडण्याहून एकाच बसने जाणारे. पुंडलीकबाब माझ्याहून बरेच मोठे. घरी बायको आहे, यापलीकडे स्वतःविषयी बोलत नसत. रविवार मात्र फ्लॅट बघण्याचा.

शिवा दलालाने त्यांचा धसकाच घेतला होता. एकदा त्यांना आत पडलेलं विसरून तो मुंबईच्या एका जोडप्याला घेऊन वर आला. दार उघडताच बाई किंचाळली, "इथे कोणीतरी गेलंय!"

"गेलंय नाय," खालून आवाज आला. "बघतंय."

तो सौदा अर्थातच मोडला.

एका रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही धारगळला गेलो. बेडरूमच्या खिडकीत हिरवागार डोंगर. शिवा फुलून म्हणाला, "ह्या डोंगराखातीर दिल्लीवाले भांडतत!"

"डोंगराक काय बघतलंय?" पुंडलीकबाब आडव्यानेच म्हणाले. "तो खंय येता, खंय जाता?"

परतताना मी त्यांना हळर्णला त्यांच्या घरी सोडलं. "चाय घेऊन जा," म्हणाले. आत खिडकीपाशी खाट, खाटेवर वहिनी. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. त्याआधी त्या पोस्टात होत्या. अर्ध्या तालुक्याची खबर त्यांच्या खिडकीतून जायची. या खिडकीत फक्त काजूची झाडं होती.

"काजी मोजून संपली," वहिनी हसत म्हणाल्या. "आता पानां मोजतंय."

पुंडलीकबाब चहा करायला गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. खाटेवरून जेवढं दिसतं, तेवढंच घर हा माणूस शोधत होता.

दुसऱ्या दिवशी मी शिवाला गाठलं. "दाखवायची लाज वाटते, असा एखादा फ्लॅट आहे का?"

होता. तळमजल्यावर, पेडण्याच्या बसस्टँडला खेटून. शिवाने आधी खिडकी लावून घेतली आणि मगच आम्हाला आत नेलं. पुंडलीकबाब आडवे झाले. तेवढ्यात बाहेर कंडक्टर ओरडला, "म्हापशें, म्हापशें!" एक मासेवाली त्याच्याशी टोपलीच्या जागेवरून भांडू लागली. पुंडलीकबाबांनी झोपल्या झोपल्या हात लांबवून ती बुटकी खिडकी ढकलून उघडली. शिवा ती बंद करायला धावला.

"हात लावशीत तर खबरदार!"

भांडण संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग म्हणाले, "शिवा, ह्यां घेतलंय." शिवाच मटकन खाली बसला.

काजूची बाग विकून बसस्टँडवर राहायला जाणाऱ्याला भावांनी वेड्यात काढलं. एक भाऊ तर वास्तूच्या जेवणालाही आला नाही.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी त्यांना बोलवायला गेलो. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. गजांबाहेरून एक म्हातारा विचारत होता, "वयनी, धारगळची गेली?"

"आत्ताच गेली. रव, पाठसून दुसरी आसा," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सगळ्यो गाड्यो वेळार सुटतत. हेच तेवढे सुटणत नाय!"

पुंडलीकबाब कचेरीचे कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेशेजारी जमिनीवर बसले होते. बाहेर आमच्या बसचा हॉर्न वाजला.

"पुंडलीकबाब, चला. उशीर होईल."

"जावंदे ती," ते म्हणाले. "हिची खबर अजून पुरी जावंक नाय."