कुस्कोकरांची बाज

नांदेडची मोटार कळमनुरीत थांबली, की पाहुण्याचं बोचकं खाली यायच्या आत विठोबाआबा त्याचा दंड धरत. "आधी आडवं व्हा. हवा इरळ हाय!" मग त्याला स्वतःच्या ओट्यावरच्या बाजेवर निजवत आणि कडुलिंबाच्या पाल्याचं गरम पाणी पाजत. आमचं गाव कसलं उंचावर? उन्हाळ्यात इथली हवा गिळावी लागते. पण आबांना सांगणार कोण!

तरुणपणी आबा हिंगोलीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचे खानसामे होते. साहेब आगगाडीच्या कामावर पेरू देशात गेला, तो आबांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, किसनला, सोबत घेऊन. तिथं डोंगरांवर कुस्को नावाचं शहर. जुन्या राजांच्या दगडी भिंती आणि त्यांवरच स्पेनच्या गोऱ्यांनी चढवलेली त्यांची देवळं. "जोडात सुरीचं पातं शिरत न्हाई!" असं म्हणत आबा गावातल्या प्रत्येक नव्या भिंतीत सुरी खुपसून पाहत. ती शिरायचीच. गवंडी त्यांना लांबून पाहूनच शिव्या हासडत. गावानं त्यांचं आडनावच कुस्कोकर करून टाकलं. किसन तिकडंच राहिला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. गोरी बायको केली असेल, असं पारावर ठरलं होतं.

माझ्या बहिणीला, शारदेला, पाहायला नांदेडचे पाहुणे आले. आधीची स्थळं परत गेलेली; या स्थळावर आईचा जीव टांगलेला. मी त्यांना घ्यायला पोचलो तर मुलाचे वडील आबांच्या बाजेवर, पागोटं उशाला, तोंड कडूजहर, आणि आबा वारा घालतायत. "आम्ही मुलगी पाहायला आलो होतो, मरायला नाही!" म्हणत पाहुणे उठले आणि परतीच्या मोटारीनं चालते झाले.

मी आबांवर ओरडलो, "लोकाईला निजवायचं हे खूळ काहून घेतलं डोक्यात?"

"किसनला निजवलं न्हाई म्हणून."

आबा बाजेच्या कडेला बसले.

"कुस्कोत उतरलो तसा तो म्हने, दादा, डोकं फुटून राहिलं. तिथले लोक बी म्हनत व्हते, आज निजा, पाल्याचं पानी प्या. म्याच त्याला ओढलं. चल रे, भिंती पाहू, देवळं पाहू. सांजेला त्याला दम पुरंना. त्या भिंतीलाच टेकून गेला."

भांडण तिथंच टाकून मी त्यांच्याशेजारी बाजेवर टेकलो.

शारदेचं पुढं वसमतला जमलं. तिला पोचवून परतलो, मोटारीतून उतरलो आणि आबांनी दंड धरायच्या आधीच बाजेवर जाऊन आडवा झालो. पाला तसाच कडू होता. आबा उशाशी वारा घालत बसले. उन्हं कलली तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ऊठ, किसन. आता गाव पाह्यला हरकत न्हाई."